तेराव्यानंतर

सातारा-सांगलीकडे घरातलं माणूस गेलं की पुढे काय करायचं, हे कुणी कुणाला विचारत नाही. घरात चूल पेटत नाही. भावकीतून, शेजारून पिठलं-भाकरी येते. त्याला कडू घास म्हणतात. नको म्हणणाऱ्याच्या तोंडात एखादी थोरली बाई तो बळंच घालते. मातीला आलेली माणसं सावडायला पुन्हा येतात, मग दुखवट्याला पाव्हणे येत राहतात. आलेली प्रत्येक बाई उंबऱ्यातच गळा काढते, घरातली बाई तिच्या गळ्यात पडते आणि सगळं पहिल्यापासून सांगते. सकाळी चहा घेतला, गुरांना वैरण टाकली, मग छातीत कळ आली म्हणाले. आठ-दहा दिवसांत हे सांगणं कितीतरी वेळा होतं. दर वेळी एखादा तपशील गळतो, एखादा नव्याने आठवतो आणि हळूहळू त्या तुकड्यांना मागचं-पुढचं येतं. धसका घेतलेल्या माणसाला घडलेलं सलग सांगता येणं हा उपचारातला मोठा टप्पा मानतात. इकडे तो पाव्हणीने उंबऱ्यातच पार पाडलेला असतो.

दहावा तर समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा नीट पाहावा. माहुलीला, वाईला, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर किंवा सांगलीच्या घाटावर पिंड मांडून माणसं लांब सरकून उभी राहतात. कावळा लगेच शिवला तर प्रश्न नाही. नाही शिवला की कुजबुज सुरू होते : जीव कशात अडकला असेल? थोरला भाऊ पुढे होऊन हात जोडतो, मोठ्याने म्हणतो, पोरीच्या लग्नाचा घोर करू नको, आम्ही आहोत. कावळा येत नाही. मग बांधाचं भांडण मिटवायचं कबूल होतं, म्हातारीला सांभाळायचं कबूल होतं, कुणाचे उसने पैसे द्यायचं कबूल होतं. कावळ्यावर तुमचा विश्वास असो-नसो, चारचौघांसमोर दिलेला तो शब्द असतो आणि तो ऐकायला विधवेचा भाऊ उभा असतो. कोणत्या शब्दाला घाटावरची माणसं एकदम गप्प झाली, एवढं ध्यानात ठेवून परत या, असं मी मुलांना सांगतो. त्या घराची दुखरी नस तिथेच असते.

तेराव्याला गोडाचं जेवण होतं, सुतक फिटतं, मांडव निघतो. विधवेचा भाऊ आपल्या गावी परततो. त्याच्याही उसाला तोड आलेली असते. वर्षभर घरात सण होत नाही, पोळी शेजारून येते, हे खरं. पण रोजच्या दिवसाचं काय करायचं, ते परंपरेने सांगून ठेवलेलं नाही. आघात आणि शोक यांवर काम करणारी समाजकार्याची जी शाखा आहे, तिच्या अभ्यासकाचं, प्राध्यापकाचं आणि क्षेत्रकार्याला निघालेल्या विद्यार्थ्याचं काम चौदाव्या दिवशी सुरू होतं, असं माझं मत आहे. पुढची पानं त्या दिवसापासूनची आहेत.

या शाखेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या वर्गांत तो नको तितका लांबतो. १९४२ च्या नोव्हेंबरात बोस्टनमधल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांशी आणि मृतांच्या नातेवाइकांशी बोलून एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने १९४४ मध्ये तीव्र शोकाच्या लक्षणांवर निबंध लिहिला. तिथून शोक हा अभ्यासाचा विषय झाला. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी पाच अवस्था मांडल्या. त्या मांडल्या होत्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांवरून. आपण त्या उचलून मागे राहिलेल्यांना लावल्या आणि अजूनही प्रत्येक शिबिरात फळ्यावर लिहितो. नकार, राग, वाटाघाट, खिन्नता, स्वीकार, असं ओळीने शोक करणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही. आता तर निदानाच्या जागतिक वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ हा विकार म्हणून आला आहे. जागतिक आरोग्य संघटना सहा महिन्यांनंतर तो धरते, अमेरिकेची नियमावली प्रौढांसाठी एक वर्षानंतर. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत कुणी हिशेब मागत नाही, त्या मानाने आपण बरे.

मला या सगळ्यांत जवळची वाटते ती फिलिस सिल्व्हरमन. ती मनोविकारतज्ज्ञ नव्हती. समाजकार्य शिकलेली, पुढे त्यातच संशोधन आणि अध्यापन केलेली बाई होती. १९६० च्या दशकात बोस्टनमध्ये तिने नव्याने विधवा झालेल्या बायकांना नेमकी मदत कुणाची होते, हे शोधायला घेतलं. उत्तर डॉक्टरांना आणि आम्हा प्राध्यापकांना फारसं सुखावणारं नव्हतं : दुसऱ्या विधवेची. मग तिने विधवा बायकांनाच कामाला घेतलं. कुणी बोलावण्याची वाट न पाहता त्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, म्हणजे नातेवाईक पांगल्यावर, दार वाजवायच्या. गेलेल्याला विसरून पुढे जाणं हेच बरं होण्याचं लक्षण, ही त्या काळची समजूतही तिने मोडीत काढली. डेनिस क्लास आणि स्टीव्हन निकमन यांच्याबरोबर तिने १९९६ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात म्हटलं आहे, की मेलेल्याशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं. पितृपक्षात म्हाळाचं पान वाढणाऱ्यांना हे सांगायला बोस्टनहून कुणी यायला नको होतं. पण अभ्यासक्रमात यायला ते इंग्रजीत छापून यावं लागलं, ही आपली रीत.

महाराष्ट्रात समाजकार्याचं शिक्षण १९३६ पासूनचं आहे. त्या वर्षी मुंबईत टाटांच्या देणगीतून जी संस्था उभी राहिली तिला आज ‘टिस’ म्हणतात. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. तरी शोकाकडे या विद्येचं लक्ष गेलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपानंतर. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. नवी गावं वसवताना लोकांना विचारात घेण्याचं काम ‘टिस’कडे आलं. वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाला, याच्या अभ्यासात डॉ. मोहन आगाशे होते. घर बांधून दिलं म्हणजे पुनर्वसन झालं, हा समज त्या वर्षांत पहिल्यांदा हलला. पुरता गेला असं मात्र म्हणवत नाही.

आता आपले दोन जिल्हे, सातारा आणि सांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं; सुमारे १८० माणसं गेली. त्याआधी थोडीच वर्षं धरणाच्या पाण्याने त्या खोऱ्यातली गावं उठवली होती. म्हणजे पाटण तालुक्यातल्या पुष्कळ घरांवर आधी गाव गेल्याचं दुःख आणि त्यावर माणूस गेल्याचं, असे थर बसले. जमीन तिथे आजही अधूनमधून हलते. २२ जुलै २०२१ च्या रात्री त्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. रस्ते तुटलेले, त्यामुळे मदत पोचायलाही वेळ लागला.

२५ जानेवारी २००५, पौषातली शाकंभरी पौर्णिमा, वाई तालुक्यात मांढरदेव. काळूबाईच्या यात्रेत पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले आणि सुमारे तीनशे भाविक गेले. न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग बसला. व्यवस्था काय असायला हवी होती, ते आयोग सांगू शकतो. पण नवस फेडायला बायकोला आग्रहाने घेऊन गेलेल्या नवऱ्याला रात्री काय खातं, ते आयोगाच्या कक्षेत येत नाही. ‘मीच म्हणालो चल’ हे वाक्य आपल्या क्षेत्रात जितक्या वेळा ऐकायला मिळतं तितकं दुसरं कुठलंच नाही. त्यात शेजारीपाजारी ‘देवीचा कोप’ म्हणायला मोकळे. शिवाय मृत एका गावचे नव्हते. ठिकठिकाणहून आलेले, ठिकठिकाणी नेलेले. एकाच पायरीवर जीव सोडलेल्यांचे नातेवाईक एकमेकांना कधी भेटलेही नसतील.

सांगलीची गोष्ट पाण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ इथे पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्यात बायका-मुलं बुडाली. इथे एक प्रश्न उभा राहतो, तो साध्या मृत्यूत कधी येत नाही : कडू घास कुणी आणायचा? जी शेजारीण भाकरी घेऊन यायची, तिच्याही घरात पाणी आहे, कदाचित तिचंही माणूस त्याच बोटीत होतं. एका घरावर संकट आलं तर गाव धरून ठेवतं, हा आपल्या सगळ्या रीतींचा पाया. सगळ्या गावावर एकदम आलं की त्या रीतींना हात-पाय राहत नाहीत. अशा वेळी बाहेरून जाणाऱ्या समाजकार्यकर्त्याला आपलं समुपदेशनाचं कसब पाजळायची घाई नसावी. दुसऱ्या गावची माणसं, लेकींची सासरं, लांबची भावकी तिथवर पोचतील आणि टिकतील एवढं पाहावं; तेवढ्याने बरंच होतं.

पूर ओसरतो, पण मनातून जात नाही, असं सगळेच म्हणतात. ते दिसतं कसं? जुलै लागला की सांगलीकर मोबाइलवर आयर्विनचा आकडा बघायला लागतात. ३० फूट झाले की काही घरांत कागदपत्रांची पिशवी माळ्यावर जाते. ३५ ला फ्रीज उचलायची भाषा सुरू होते. ज्या घरातलं माणूस पुरात गेलं, त्या घरात याच आठवड्यांत भांडणं वाढतात, पोरं शाळेत जायला कुरकुरतात, म्हातारीला जेवण जात नाही, आणि याचा पुराशी संबंध आहे हे घरातल्यांच्याही लक्षात येत नाही. क्षेत्रकार्याच्या भेटी डिसेंबर-जानेवारीत ठरवणाऱ्या विभागांनी, माझ्यासकट, आपलं वेळापत्रक एकदा कृष्णेच्या पाण्याला विचारून करावं.

परंपरेचं इतकं कौतुक केल्यावर तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या दिवसांत गाव त्या बाईला घास भरवतं, त्याच दिवसांत तिचं कुंकू पुसतं, बांगड्या फोडतं, मंगळसूत्र काढतं. आधार देणारे आणि ओरबाडणारे हात पुष्कळदा एकाच बाईचे असतात. सांगलीला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव भिंतीवर लागले. बदल कुठे झाला, कुठे नाही, याची मोजदाद विद्यार्थ्यांनी करायला घ्यावी, असा हा विषय आहे.

आणि ज्यांच्या वाट्याला तेरावाच येत नाही, त्यांचं काय? रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. देह नाही, राख नाही, मग सावडायचं काय? कायद्याने एरवी बेपत्ता माणसाला मृत मानायला सात वर्षं लागतात. अशा आपत्तीत शासनाच्या आदेशाने ते लवकर होतं. दाखला हातात आला तरी आई दाराकडे बघायची थांबत नाही. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा धड न संपणाऱ्या वियोगावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सांगणं ढोबळमानाने असं, की इथे दुःखाचा शेवट शोधू नये. ‘आहे’ आणि ‘नाही’ दोन्ही एकाच वेळी मनात धरून जगायला शिकवावं. करोनात तर हे घरोघरी झालं. देह प्लॅस्टिकमध्ये गेला, खांदा दिला गेला नाही, दहावा व्हॉट्सॲपवर झाला.

काही मरणांना गावच शोक नाकारतं. शेतकऱ्याने आत्महत्या केली तर २००६ पासून शासन १ लाख रुपये देतं, पण आधी जिल्ह्याची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. कर्ज कुणाचं, नापिकी होती का, दारू प्यायचा का. त्या बाईला नवऱ्याच्या मरणाचं कारण सिद्ध करावं लागतं, आणि ‘अपात्र’ शेरा आला की गावाच्या नजरेत नवराच अपात्र ठरतो. सांगली एके काळी एचआयव्हीची लागण जास्त असलेल्या जिल्ह्यांत मोजली जायची. त्या आजाराने गेलेल्यांच्या दारात पाव्हणे बसत नसत, आणि विधवेला माहेरची वाट दाखवली जाई. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून सांगलीच्या वेश्यावस्तीत काम सुरू केलं. तिथल्या बायकांनीच एकमेकींना माहिती द्यायची, दवाखान्यात न्यायचं, आजारपणात सोबत करायची, असं ते उभं राहिलं आणि त्यातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ ही त्यांची स्वतःची संघटना झाली. सिल्व्हरमनबाईंना बोस्टनमध्ये जे सापडलं, ते त्या वस्तीत, गोकुळनगरच्या गल्लीत असं आकाराला आलं. आपल्या प्रबंधांमध्ये मात्र पहिल्या नावाचे संदर्भ ढिगाने आणि दुसऱ्याचे हाताच्या बोटांवर.

साताऱ्यात आणखी एक प्रकारचा शोक आहे, गणवेशातला. अपशिंगे मिलिटरी या गावातल्या स्मारकावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची नोंद आहे. इथे वीरपत्नीचा मान मोठा. नोव्हेंबर २०१५ मध्ये कर्नल संतोष महाडिक काश्मीरमधल्या कुपवाड्यात धारातीर्थी पडले आणि दोन वर्षांच्या आत स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. अभिमानच वाटावा असं ते आहे. माझी तक्रार भाषणं करणाऱ्यांबद्दल आहे. जिला उभं राहायला पाच वर्षं लागतात, जी कोपऱ्यात बसून रडते, तिलाही ते हेच उदाहरण ऐकवतात. मानाच्या ओझ्याखाली रडायची सोय उरत नाही.

आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा साताऱ्याचा हा माणूस २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर मारला गेला. त्यानंतर कार्यकर्ते वर्षानुवर्षं दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत आणि तपासाचं काय झालं ते विचारत. निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. खुनाने माणूस गेलेल्या घराचा शोक कोर्टाच्या तारखांना बांधलेला असतो. प्रत्येक तारखेला जखम उघडते. त्या कार्यकर्त्यांनी स्वतःची तारीख ठरवून घेतली. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, सोबतीला माणसं, विधीला लागतं ते सगळं त्यात होतं, फक्त भटजी नव्हता. दाभोलकरांचे चिरंजीव डॉ. हमीद मनोविकारतज्ज्ञ, साताऱ्याच्या ‘परिवर्तन’ संस्थेमार्फत व्यसन आणि मानसिक आजार यांवर काम करतात. घरातलं तरणं माणूस गेल्यावर अंगात येणं, भगताकडे खेपा घालणं हे इथे नवीन नाही. तिथे श्रद्धेवर वाद घालण्याआधी त्या बाईला झोप लागते का, हे विचारावं.

आता कागदांबद्दल. शोकाच्या पुस्तकात गाव नमुना ६-क कशाला, असं काहींना वाटेल. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर पैसे पडत नाहीत. मग दाखला घेऊन वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज, वारसांची नावं ६-क मध्ये, तिथून फेरफार, संबंधितांना १५ दिवसांची नोटीस, हरकत नसेल तर मंडळ अधिकाऱ्याची सही, मग सातबाऱ्यावर नाव. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार रुपये. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा. सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर, उसाचं बिल कुणाच्या खात्यात, तेही आलंच. या प्रत्येक टेबलावर ‘मयताशी नातं काय’ या रकान्यात तिला स्वतःच्या हाताने ‘पत्नी’ लिहावं लागतं. पहिल्यांदा लिहिताना पेन थांबतं. तिच्या शेजारी त्या वेळी कुणी असणं, हे मी आमच्या शाखेचं मुख्य कौशल्य समजतो. रडणं घरात होतं तसं तहसीलच्या व्हरांड्यातही होतं, आणि व्हरांड्यात मांडीवर डोकं ठेवायला शेजारीण नसते.

त्यातच हक्कसोडपत्राचा धोका. दिवसांतच, डोकं बधिर असताना, ‘सगळं एकत्रच राहू दे, तुझी पोरं ती आमचीच’ म्हणत सही घेतलेली उदाहरणं प्रत्येक तालुक्यात आहेत. कधीकधी शब्द घाटावर दिलेला असतो आणि सही चार दिवसांनी घेतलेली असते. म्हणून आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बायका, कुणीही पहिल्यांदा त्या घरी गेल्या तर एकच सांगावं : कशावरही इतक्यात सही करायची नाही. सांत्वनाची वाक्यं नंतर.

हे पुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी थोडं. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचा, फक्त कागदांचं आणि पहिल्या भेटीचं आधी वाचा. पहिल्या भेटीत वही काढू नका. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. तेराव्यानंतर ते नाव घरात कुणी घेत नाही, आणि मुलांना तर कुणी विचारतच नाही. मरणाची भाषा कानावर आली तर ती मनाशी ठेवू नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्यांना द्या, स्वतःही लावा आणि त्याच दिवशी पर्यवेक्षकाला सांगा. तुम्हाला तिथे रडू आलं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र परत आल्यावर ते पर्यवेक्षकाच्या तासात बोला. तो तास कागदावर न राहता खरोखर घेतला जाईल, हे पाहणं आम्हा शिक्षकांचं काम आहे. बऱ्याच महाविद्यालयांत त्याची फक्त सही होते.